द्वेषाचा गुन्हा आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य : खानदेशातील घटना काय सांगतात?

'हेट क्राइम' आणि 'हेट स्पीच' हे शब्द वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर आता सर्रास वापरले जातात. भारतीय फौजदारी कायद्यात मात्र यांपैकी एकाचीही स्वतंत्र व्याख्या नाही. द्वेषातून झालेली मारहाण किंवा हत्या हा एक प्रश्न आहे आणि द्वेष पसरवणारे भाषण हा दुसरा. पहिल्यात कृती आहे, दुसऱ्यात शब्द. दोहोंना एकाच मापाने मोजले, तर हल्लेखोर सुटतो आणि लेखक, वक्ता किंवा कवी अडकतो. जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांनी गेल्या अर्धशतकात जे पाहिले, त्यावरून हा फरक नेमका कुठे करावा लागतो हे स्पष्ट होते.

कायद्याची चौकट

राज्यघटनेचे कलम १९(१)(अ) प्रत्येक नागरिकाला भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य देते. कलम १९(२) राज्याला त्यावर निर्बंध घालण्याची मुभा देते. पण ते निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत आणि कलमात नमूद केलेल्या कारणांपुरतेच असले पाहिजेत. 'सार्वजनिक सुव्यवस्था' आणि 'गुन्ह्यास चिथावणी' ही कारणे १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने जोडली गेली. 'वाजवी' हा शब्दही त्याच दुरुस्तीने आला. द्वेष ही भावना या यादीत नाही. एखाद्याच्या मनातील किंवा बोलण्यातील द्वेष केवळ द्वेष म्हणून दंडनीय ठरत नाही. त्याचा सुव्यवस्थेशी किंवा गुन्ह्याशी संबंध दाखवावा लागतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. समाजगटांत वैर निर्माण करण्याविषयीचे जुने कलम १५३अ आता कलम १९६ झाले आहे. धार्मिक भावनांचा बुद्धिपुरस्सर अवमान करण्याविषयीचे, १९२७ मध्ये आलेले कलम २९५अ आता कलम २९९ आहे, तर अफवा व चिथावणीखोर विधानांचे कलम ५०५ हे कलम ३५३ या क्रमांकाने कायम आहे. कलम १९६ मध्ये इलेक्ट्रॉनिक माध्यमाचा उल्लेख नव्याने आला. या गुन्ह्यांना सर्वसाधारणपणे तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. कलम १९६ आणि २९९ खालील खटल्याची दखल न्यायालयाला केंद्र किंवा राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय घेता येत नाही. कोणावर खटला चालवायचा, याची किल्ली म्हणजे सरकारच्याच हाती आहे.

कृती आणि तिच्यामागचा हेतू

द्वेषाच्या गुन्ह्यासाठी भारतात सर्वांत स्पष्ट कायदा आहे तो अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९. जून २०१८ मध्ये जळगाव जिल्ह्याच्या जामनेर तालुक्यातील वाकडी येथे विहिरीत पोहल्याच्या कारणावरून मातंग समाजातील अल्पवयीन मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली आणि तिची चित्रफीत सर्वत्र पसरली. या प्रकरणात याच अधिनियमाचा आधार घेण्यात आला. येथे अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा प्रश्नच उद्भवत नाही. मारहाण ही कृती आहे आणि पीडिताची जात हे तिचे गांभीर्य वाढवणारे कारण.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये 'विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल' खटल्यात हाच भेद मांडला. एखाद्याला त्याच्या वंशामुळे निवडून मारहाण केली, तर वाढीव शिक्षा देता येते. कारण शिक्षा विचाराला नसून त्या विचाराने केलेल्या कृतीला असते, असे त्या निकालाचे सार आहे.

अडचण येते ती हेतू सिद्ध करताना. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे सप्टेंबर २००६ मध्ये एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. देशभर ते जातीय हत्याकांड म्हणून ओळखले गेले. मात्र २००८ मध्ये सत्र न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवताना अत्याचार प्रतिबंध कायदा लागू केला नाही. पुढे २०१६ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने या अधिनियमातील एका महत्त्वाच्या कलमातील 'जातीच्या कारणावरून' ही अट बदलून 'जात माहीत असताना' अशी केली. दहा वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत हेतूच्या पुराव्याचे ओझे त्यामुळे हलके झाले.

धर्मावरून झालेल्या हल्ल्यांना असा स्वतंत्र कायदा नाही. २८ ऑगस्ट २०२४ रोजी धुळे-मुंबई एक्स्प्रेसमध्ये जळगाव जिल्ह्यातील एका वृद्ध मुस्लिम प्रवाशाला गोमांस नेत असल्याच्या संशयावरून मारहाण झाली. आरोपींना लगेच जामीन मिळाला, कारण आरंभी लावलेली कलमे जामीनपात्र होती. टीका झाल्यानंतर अधिक गंभीर कलमे वाढवण्यात आली. कृती समोर होती, चित्रफीत होती. उणीव राहिली ती कलमे लावण्यातील तत्परतेची.

राईनपाडा : द्वेषाविना पसरलेला शब्द

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने पाच जणांना ठेचून मारले. मृत नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते आणि सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागाकडून भिक्षेसाठी आले होते. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरील अफवा त्या सुमारास सर्वत्र पसरल्या होत्या. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारले.

कायद्याच्या दृष्टीने हे प्रकरण विचार करायला लावणारे आहे. ज्या संदेशांनी पाच बळी घेतले, त्यांत कोणत्याही धर्माची किंवा जातीची निंदा असण्याची गरज नव्हती. तो संदेश पुढे पाठवणाऱ्या बहुतेकांना आपण मुलांचे रक्षण करत आहोत असेच वाटत असणार. द्वेषयुक्त भाषणाचे कितीही कठोर कलम येथे अपुरे पडले असते, कारण त्याला हेतू लागतो. हेतूची अट काढून टाकावी, तर भीतीपोटी संदेश पाठवणारी प्रत्येक आई गुन्हेगार ठरेल.

उपाय दुसरीकडे होता. १७ जुलै २०१८ रोजी 'तहसीन पूनावाला' प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमावा, खटले जलदगती न्यायालयात सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा आणि पीडितांना भरपाईची योजना आखावी, असे आदेश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. कोणाच्याही बोलण्यावर बंदी न घालता अफवेचा वेग कमी करण्याचा तो मार्ग होता.

न्याय संहितेच्या कलम १०३(२) मध्ये पाच किंवा अधिक जणांनी एकत्रितपणे वंश, जात वा समाज, लिंग, जन्मस्थान, भाषा, वैयक्तिक श्रद्धा किंवा तत्सम कारणावरून केलेल्या हत्येसाठी मृत्युदंड किंवा जन्मठेपेची तरतूद झाली. त्या यादीत 'धर्म' हा शब्द स्वतंत्रपणे नाही. केवळ अफवेवरून झालेली, राईनपाड्यासारखी हत्या 'तत्सम कारणा'त बसते की नाही, हाही अन्वयार्थाचा प्रश्न आहे.

शब्द केव्हा गुन्हा ठरतो?

राम मनोहर लोहिया यांच्या प्रकरणात १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की शब्द आणि सार्वजनिक अव्यवस्था यांचा संबंध निकटचा हवा. दूरान्वयाने जोडलेला चालणार नाही. १९८९ च्या 'रंगराजन' निकालाने हा संबंध दारूच्या कोठारातील ठिणगीसारखा असावा, अशी कसोटी दिली. त्याच निकालाने हेही बजावले, की निदर्शने व हिंसाचाराच्या धमकीमुळे अभिव्यक्ती दडपता येणार नाही. गर्दी जमवू शकणाऱ्याला सेन्सॉरचा अधिकार मिळता कामा नये, हा त्याचा अर्थ.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावरून जानेवारी २००४ मध्ये पुण्यातील भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर हल्ला झाला आणि लेखक-प्रकाशकांवर कलम १५३अ खाली गुन्हाही नोंदवला गेला. २००७ मध्ये 'मंझर सईद खान' निकालाने हा गुन्हा रद्द केला. वैर निर्माण करण्याचा हेतू हा या कलमाचा गाभा आहे आणि तो पुस्तकातील सुटी वाक्ये वेचून ठरवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

सैल शब्दांचा कायदा कसा वापरला जातो, हे पालघरने दाखवले. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर फेसबुकवर प्रश्न विचारणाऱ्या तरुणीला आणि त्या मजकुराला 'लाइक' करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी 'श्रेया सिंघल' निकालात घटनाबाह्य ठरवले. चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी या तीन पायऱ्या असून केवळ चिथावणीच दंडनीय ठरू शकते, ही त्या निकालाची देणगी.

आधी गुन्हा की आधी चौकशी?

२८ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना आदेश दिला, की द्वेषयुक्त भाषण झाल्यास वक्त्याचा धर्म न पाहता, तक्रारीची वाट न पाहता पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवावा. २८ मार्च २०२५ रोजी याच न्यायालयाने महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेले खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातेत नोंदवलेला गुन्हा रद्द केला. तीन ते सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या अशा प्रकरणांत गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करणे उचित, असे त्या निकालाने सांगितले. तीस नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार १४ दिवसांची मुदत आहे.

वरवर विरोध वाटतो. पण दोन्ही निकाल एकत्र वाचता येतात. जमावासमोर उभे राहून विशिष्ट समाजावर हल्ल्याचे आवाहन केले जात असेल, तर विलंब घातक. कविता, लेख किंवा व्यंगचित्र असेल, तर आधी वाचणे आवश्यक. २०२५ च्या निकालाने कसोटी कोणती लावायची तेही सांगितले : शब्दांचा परिणाम खंबीर, विवेकी माणसाच्या मापाने जोखावा, जागोजागी धोका दिसणाऱ्या कमकुवत मनाच्या मापाने नव्हे. ही कसोटी मुळात स्वातंत्र्यापूर्वीची आणि नागपूर उच्च न्यायालयाची आहे. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी ती 'भगवतीचरण शुक्ला' प्रकरणात मांडली होती.

दंगलींचा धडा

७ मे १९७० रोजी भिवंडीत दंगल उसळली आणि दुसऱ्याच दिवशी शेकडो किलोमीटर दूरच्या जळगावात हिंसाचार झाला. न्यायमूर्ती मादन आयोगाच्या नोंदीनुसार जळगावात ४३ जण मृत्युमुखी पडले. त्यांतील ४२ मुस्लिम होते. घरोघरी दूरध्वनीही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. कलम १५३अ त्याही वेळी पुस्तकात होते.

६ जानेवारी २०१३ रोजी धुळ्यात एका खाणावळीतील वादातून दंगल पेटली. पोलिसांच्या गोळीबारात सहा जणांचा मृत्यू झाला. पोलिसांच्याच गैरवर्तनाच्या चित्रफिती पुढे आल्या, काही पोलिसांना अटक झाली आणि न्यायमूर्ती श्रीकांत मालते यांचा चौकशी आयोग नेमला गेला. नागरिकांनी ते चित्रण प्रसारित केले म्हणूनच प्रश्न विचारता आले. 'तेढ निर्माण करणारा मजकूर' अशी सैल व्याख्या हाती असती, तर पहिली बंदी त्या चित्रफितींवरच आली असती. अभिव्यक्तिस्वातंत्र्याची सर्वाधिक गरज द्वेषाच्या बळींनाच असते, हे त्यातून दिसते.

विधी आयोगाने मार्च २०१७ मध्ये आपल्या २६७ व्या अहवालात द्वेषयुक्त भाषणासाठी स्वतंत्र कलमांची शिफारस केली. डिसेंबर २०२५ मध्ये कर्नाटक विधिमंडळाने द्वेषयुक्त भाषण व द्वेषगुन्हे प्रतिबंधक विधेयक संमत केले. महाराष्ट्रात अशी मागणी होईल तेव्हा, संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २०१२ मध्ये तयार झालेल्या रबात कृती आराखड्यातील सहा निकष उपयोगी पडतील : परिस्थिती, वक्त्याचे स्थान, हेतू, आशय, प्रसार आणि हिंसेची शक्यता. मंत्र्याने सभेत उच्चारलेले वाक्य आणि विद्यार्थ्याने रागाच्या भरात लिहिलेली ओळ या निकषांवर सारखी ठरत नाही.

कृतीसाठी कठोर व जलद शिक्षा, शब्दांसाठी अरुंद व्याख्या आणि दोन्हींत धर्म-जात न पाहणारी अंमलबजावणी, अशी ही विभागणी आहे. राईनपाड्याच्या पाच जणांना नव्या कलमाने वाचवले नसते. वेळेवर पोहोचलेल्या पुरेशा पोलीस बळाने आणि गावात आधी पोहोचलेल्या खऱ्या माहितीने कदाचित वाचवले असते.