प्रवासाचा खर्च कोणी सोसला? : धर्मानंद कोसंबी यांच्या पर्यटनाविषयी एक विचार

प्रवासवृत्ते वाचताना प्रवासी कोठे गेला आणि त्याने काय पाहिले याकडेच अभ्यासकाचे लक्ष प्रथम जाते. तो जेवला कोठे, निजला कोठे आणि त्याचे भाडे कोणी भरले, हे प्रश्न बहुधा मागे पडतात. धनिकाच्या प्रवासात या प्रश्नांना फारसे महत्त्व नसते. १८७२ मध्ये थॉमस कुकने पृथ्वीप्रदक्षिणेची सहल काढली, तेव्हा तीत सामील होणाऱ्याने मूल्य दिले व सोयी घेतल्या. व्यवहार तेथेच पुरा झाला. परंतु जो अत्यल्प द्रव्य घेऊन वर्षानुवर्षे देशोदेशी फिरतो, त्याच्या प्रवासाचा खर्च नाहीसा होत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी खाती पडतो. हे खाते तपासण्यास धर्मानंद कोसंबी यांचे ‘निवेदन’ (१९२४) हे आत्मवृत्त उत्तम साधन आहे.

निर्धन प्रवाशाची एक जुनी परंपरा महाराष्ट्रात होतीच. पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे हे १८५७ मध्ये उत्तर हिंदुस्थानात गेले, ते घरचे कर्ज फेडण्यासाठी. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार असल्याची वार्ता त्यांच्या कानी आली होती आणि तेथे दक्षिणा मिळेल अशी त्यांची अपेक्षा होती. बंडाच्या धामधुमीत ते लुटले गेले. परंतु अन्न आणि आश्रय यांवाचून ते कायमचे अडले नाहीत, याचे कारण त्यांची वैदिकी विद्या व त्यांचा जन्म ही दोन्ही त्या समाजात चालणारी नाणी होती. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाचे मोल सत्तावनच्या हकिकतींपुरते नाही. दक्षिणेच्या अर्थव्यवस्थेचा तो एक दस्तऐवजही आहे.

धर्मानंदांचा आरंभ याच परंपरेत झाला. गोव्यातील सांखवाळ येथे १८७६ मध्ये जन्मलेल्या या तरुणाला ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्रावरील लेखाने वेड लावले. १८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. पुण्यास रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांची भेट घेऊन ते पुढे संस्कृतच्या अध्ययनासाठी काशीस गेले. तेथे त्यांच्या उदरनिर्वाहाचा आधार म्हणजे अन्नछत्र. दानशूर संस्थानिकांनी व सावकारांनी चालविलेल्या या छत्रांमुळे द्रव्यहीन विद्यार्थ्यास वर्षानुवर्षे अध्ययन करता येई. मात्र ती ब्राह्मणांसाठी होती. तितकीच ज्ञानाची भूक असलेला दुसऱ्या जातीचा तरुण त्या पंक्तीस बसू शकत नव्हता. अल्पव्ययी प्रवासाची पहिली मर्यादा येथे स्पष्ट होते : दानाचे दार उघडे असते, परंतु सर्वांस नव्हे.

बौद्ध धर्माचा शोध घेत १९०२ मध्ये धर्मानंद नेपाळात गेले, निराश होऊन परतले व बुद्धगया, कलकत्ता या मार्गाने सिंहलद्वीपास पोहोचले. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी त्यांचे पालीचे अध्ययन सुरू झाले. तेथे ते श्रामणेर झाले. पुढे ब्रह्मदेशातही त्यांनी वास्तव्य केले. आता दानाचे स्वरूप पालटले. बौद्ध संघाच्या मूळ नियमांप्रमाणे प्रवेश जातीवर अवलंबून नव्हता; चीवर, पिंडपात, निवासस्थान आणि औषध या चार गोष्टी भिक्षूस उपासकांकडून मिळत. त्याबरोबर निर्बंधही आले. श्रामणेराने सोने-रुपे स्वीकारू नये असा नियम असल्याने त्याच्या आगगाडीचे वा बोटीचे भाडे दुसऱ्यानेच भरणे प्राप्त होते. मध्यान्हीनंतर भोजन वर्ज्य होते. आणि पात्रात पडेल तेच अन्न. सिंहलद्वीपातील आहार त्यांना मानवला नाही, ही बाब किरकोळ समजू नये. याचकाला मार्ग निवडता येतो, परंतु अन्न निवडता येत नाही. आणि परदेशातील अभ्यास पुष्कळदा पोटाच्या प्रकृतीवरच अडतो.

तथापि या जमाखर्चात सर्वांत मोठी रक्कम ज्या खाती पडली, ते खाते कोणत्याही छत्राचे अथवा विहाराचे नव्हते. धर्मानंद निघाले तेव्हा पत्नी बाळाबाई व तान्ही मुलगी माणिक ही मागे राहिली. सुमारे सात वर्षे त्या गृहस्थीने कर्त्या पुरुषावाचून काढली. त्यागाचा गौरव करणाऱ्या चरित्रकारांनी या बाजूकडे जितके लक्ष द्यावयास हवे होते, तितके दिलेले नाही. प्रवासी स्वतःवर अल्प खर्च करतो याचा अर्थ त्याच्या प्रवासाला अल्प खर्च आला, असा होत नाही.

१९०६ नंतर दात्यांचे रूप पुन्हा बदलले. कलकत्त्यात पालीचे अध्यापन केल्यावर, तेथील अधिक वेतनाची जागा सोडून, महाराष्ट्रात राहून कार्य करता यावे म्हणून त्यांनी सयाजीराव गायकवाड यांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे वेतन पत्करले. दिवसाला ही रक्कम पावणेदोन रुपयांहूनही कमी भरते, आणि तीत आता कुटुंबाचा निर्वाहही होता. १९१० मध्ये ते हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ ग्रंथाच्या संपादनासाठी गेले. अमेरिकेच्या एकूण चार फेऱ्या व १९२९ मधील लेनिनग्राडचे वास्तव्य हे सारे विद्येच्या मोबदल्यात घडले. १९१८ च्या फेरीत माणिक व दामोदर ही मुले त्यांच्याबरोबर होती. दोघांनीही पुढे तेथेच पदवी घेतली. घराचे ऋण काही अंशी असे फिटले. बाळाबाई मात्र मागेच राहिल्या.

या दीर्घ पर्यटनाचा मुंबईशी असलेला संबंध परळ येथे दिसतो. गिरणगावात कोकणातून आलेला एकटा कामगार गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत पथारी टाकी व खानावळीत महिन्याच्या बोलीवर जेवी. धोबीतलावाच्या परिसरात गोव्याच्या ख्रिस्ती गावकऱ्यांनी चालविलेल्या ‘कूड’ नामक वसतिस्थानांत बोटीची नोकरी शोधणारा खलाशी अल्प वर्गणीत राही. अल्पव्ययाच्या या व्यवस्था काशीच्या छत्रांप्रमाणेच उपकारक, आणि त्यांच्याप्रमाणेच गाव व जात यांनी बांधलेल्या होत्या. अशा श्रमजीवी वस्तीत धर्मानंदांनी १९३७ च्या सुमारास जुगलकिशोर बिर्ला यांच्या साहाय्याने बहुजनविहार उभा केला व श्रमिक आणि दलित जनांत बौद्ध विचारांच्या प्रसारासाठी ते काही काळ तेथे राहिले.

विहाराचे हे नाव सहज पडलेले नसावे. विनयपिटकातील कथेप्रमाणे बुद्धाने आपल्या पहिल्या साठ भिक्षूंना बहुजनांच्या हितासाठी चारिका करण्यास सांगितले आणि एकाच मार्गाने दोघांनी जाऊ नये असे बजावले. चारिका म्हणजे दुसऱ्याच्या अन्नावर केलेला प्रवास. त्या अन्नाची परतफेड बहुजनहितानेच व्हावयाची. काशीच्या ज्या पंक्तीत जन्माने प्रवेश मिळत होता, तेथून आरंभ केलेल्या विद्यार्थ्याने जन्म न विचारणारे एक दार परळमध्ये उघडले, हा त्या परतफेडीचा प्रयत्न म्हणता येईल. ती पुरी झाली असे मात्र म्हणता येत नाही. कारण बाळाबाईंच्या सात वर्षांची नोंद करण्यास विहाराच्या वहीत रकाना नव्हता. यापुढे निर्धन प्रवाशांच्या वृत्तांतांचा अभ्यास करताना मार्गाच्या नकाशाबरोबर ही वहीही उघडली पाहिजे.