सोपाऱ्याचें रोमपूर्व वय

दादरहून विरारच्या गाडीनें नालासोपाऱ्यास उतरलें म्हणजे जवळच जें जुनें सोपारें लागतें, तेंच संस्कृत ग्रंथांतील शूर्पारक व पाली जातकांतील सुप्पारक होय. इ. स. च्या १ ल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकग्रंथांत या बंदराचें नांव येतें. त्यावरून हें नगर रोमन व्यापारामुळेंच उदयास आलें, असें समजण्याकडे सहज कल होतो. पण तो समज टिकण्यासारखा नाहीं.

सन १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं तेथील ‘बुरुडराजाचा कोट’ नांवाचा ढिगारा खणविला. (शूर्प म्हणजे सूप, लोकांनीं या शब्दावरूनच हा बुरुडांचा राजा निर्मिला असावा, असें आम्हांस वाटतें.) आंत विटांचा स्तूप निघाला. त्याच्या मध्यभागीं दगडी पेटी, पेटींत तांब्याचा करंडा व त्याच्या पोटांत एकांत एक असे रुप्याचा, दगडाचा, स्फटिकाचा व सोन्याचा करंडा. अगदीं आंत मातीच्या भांड्याचे बारीक तुकडे. बुद्धाचें भिक्षापात्र म्हणून ते पूजिले जात असावेत. भोवतीं आठ धातुमूर्ति होत्या. यज्ञश्री शातकर्णीचें रुप्याचें नाणेंही सांपडलें. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहीं आहेत.

परंतु आपल्या प्रश्नास हा ठेवा निरुपयोगी आहे. नाणें २ ऱ्या शतकाच्या सुमाराचें. मूर्तींची घडण ८ व्या-९ व्या शतकांतील. अर्थात् स्तूप मागाहून पुन्हा उघडला गेला असला पाहिजे.

खरा साक्षीदार म्हणजे त्याच वर्षीं गवसलेला एक फुटका दगड. त्यावर अशोकाच्या आठव्या शिलाशासनाच्या तुटक ब्राह्मी ओळी आहेत: पूर्वींचे राजे मृगयेस जात, आपण धर्मयात्रा करितों, असा त्या शासनाचा आशय. पुढें १९५६ सालीं जवळच्या भुईगांवीं नवव्या शासनाचा भाग मिळाला. तेव्हां येथें चौदाही शासनें कोरलीं होतीं, असें मानण्यास जागा आहे. ओसाड किनाऱ्यावर कोणी सम्राट आज्ञा कोरवीत नाहीं. ती वाचणारे, निदान ऐकणारे लोक तेथें मोठ्या संख्येनें नांदत असले पाहिजेत. आणि हें ‘पेरिप्लस’पूर्वीं सुमारें तीनशें वर्षें!

उरलेलीं बारा शासनें कोठें गेलीं? दगड बांधकामांत गेले असावेत, असा आमचा तर्क आहे. दप्तरें हुडकण्यास वसईकडे जाणाऱ्यांनीं विहिरींचे काठ, देवळांचीं जोतीं व घरांच्या पायऱ्याही न्याहाळाव्यात. आणि काळ्या दगडावर अक्षर दिसल्यास तो न हलवितां प्रथम ठसा घ्यावा.