जानेवारीतली पट्टी

पोलादपूरला एसटीतून उतर. साल 1985. वीरला अजून रेल्वे आलेली नाही, हायवे दोन गाड्या जेमतेम मावतील एवढा, आणि तुझा मोबाइल खिशात नुसता दगड होऊन पडलाय. महाडच्या दिशेने चालत सूट. डावीकडे की उजवीकडे, विचारू नकोस, आवाज ऐकू येईल तिकडे वळ.

भात कापून झालंय. खाचरांत धसकटं, कडेला पेंढ्याच्या उडव्या, ओल राहिली आहे तिथे वालाची कोवळी पानं. चार-पाच शेतांचे बांध फोडून एक लांबच लांब पट्टी सपाट केली आहे. दोन्ही कडांना माणसंच माणसं. त्यांतले कितीतरी गिरणीचा संप फसल्यापासून मुंबई सोडून आलेले. पॅन्ट अजून परळची, पाय मात्र चिखलाला पुन्हा सरावलेले.

आजा तुला लगेच ओळखू येतो. कानांवरून. केस काळे कुळकुळीत.

“पावणे, बांधावर नका उभं राहू. गाडी आली तर उडवील.”

तू मागे सरतोस. घरात या माणसाबद्दल एकच गोष्ट सांगितली जाते : त्याने बैलाला कधी पराणी लावली नाही. ती खरी का, एवढंच बघायला तू आला आहेस.

त्याची गाडी बघ. शर्यतीसाठी बांधलेला छकडा नाही हा. काल हिच्यातूनच शेणखत गेलं. आज कठडे उतरवलेत, आसाला वंगण चोपडलंय, बस्स. बैलही घाटावरून आणलेले खिलार नव्हेत. आखूड, काटक, गावचेच. अशा गुरांना ‘कोकण कपिला’ म्हणून नोंद मिळायला अजून बरीच वर्षं जायची आहेत.

समोरच्या गाडीपाशी मात्र गलका.

“आस बदललाय ह्यानं! परवापर्यंत हा आस नव्हता!”

तुला हसू येतं. अमेरिकेत 1949 साली शार्लटच्या मातीच्या धावपट्टीवर नेहमीच्या वापरातल्या मोटारी पळवल्या, तेव्हा पहिला आलेला ग्लेन डनवे बादच झाला होता. दारूची चोरटी वाहतूक करणाऱ्या त्या मोटारीच्या मागच्या कमानी भक्कम करून घेतलेल्या निघाल्या. जिम रोपरला विजेता ठरवलं. इथे तसला निकाल द्यायला कुणी नाही. दोन म्हातारे आसाला हात लावून बघतात, एक पिचकारी मारतो, आणि शर्यत होणार असं ठरतं.

झेंडा पडतो. “सुटली!”

पुढचं फार थोडा वेळ टिकतं. लोखंडी धावांचा खडखडाट आधी पायाला कळतो, मग कानाला. ढेकळं उडतात. आजा उभा आहे, गुडघ्यांत वाकलेला, कासरा डाव्या मुठीत. बरोबरीत. अर्धा बैल मागे. पुन्हा बरोबरीत. आणि तुझ्या अगदी समोर त्याचा उजवा हात खाली जातो, शेपटी धरतो, पिरगाळतो.

पराणी नव्हतीच हातात. घरची गोष्ट खोटी नाही. फक्त अर्धी.

बैलांबाबतची 2011 ची अधिसूचना, शर्यतींवर 7 मे 2014 चा सर्वोच्च न्यायालयाचा बंदीचा निकाल, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर मिळालेली परवानगी, 18 मे 2023 ला घटनापीठाने ग्राह्य धरलेला राज्याचा कायदा : हे सगळं तुझ्या जिभेवर येतं. कुणाला सांगणार? बंदी आली तेव्हा तूच चिडला होतास, आणि आता त्या वळवलेल्या शेपटीवरून नजर हलत नाही. दोन्ही खरं आहे, बाबा. मला विचारशील तर अटी हव्यात, आणि त्या पाळल्या जातात का ते बघणारं कुणीतरी पट्टीवर उभं हवं.

गाडी दुसरी आली. म्हणजे हरली, दोनच होत्या.

गर्दी पांगते. आजा जू उतरवतो, सापत्या सोडतो. स्वतः पाणी पिण्याआधी बैलांना पाजतो. मग हळद-तेल घेऊन शेपटीच्या मुळाशी चोळत बसतो, बराच वेळ, वर न बघता. जवळ उभा असलेला पोरगा, तुझा बाप, काही विचारायला तोंड उघडतो आणि मिटतो.

“पावणे,” आजा म्हणतो, “चाक धरा जरा. कठडे बसवायचेत. सकाळी खत न्यायचंय.”

तू वाकतोस.