अक्कलदाढेची जुनी दुखणी
नागोठण्याला अंबा नदीवर चौलच्या काझी अल्लाउद्दीनने १५८०च्या सुमारास दगडी पूल बांधला. गाल धरून तो ओलांडणारेही असतीलच, कारण अक्कलदाढेचे दुखणे त्याहून कितीतरी जुने. सतरा ते पंचवीस वर्षांच्या वयात ही दाढ येते. जबड्यात जागा नसली तर आडवी अडकते. तिच्यावरच्या हिरडीखाली अन्न साचते, जंतू वाढतात. शेवटच्या दाढेपाशी मोठी सूज, तीव्र वेदना, लाळ गळणे, ही लक्षणे सुश्रुताने 'अधिमांस' या नावाने नोंदली आणि वाढलेले मांस कापायला सांगितले.

पण दाढ उपटायची तर वेदनेचे काय? १८८४ मध्ये अमेरिकेत हॅल्स्टेडने कोकेन टोचून जबड्याची नस बधिर केली. (स्वतःवरच्या प्रयोगांतून त्याला कोकेनचे व्यसन जडले.) १८९६ मध्ये जर्मनीत वाल्कॉफने स्वतःच्या दातांचे क्ष-किरण चित्र घेतले, त्यासाठी पंचवीस मिनिटे काच तोंडात धरली! निर्धोक लिग्नोकेन बनले १९४३ मध्ये. आता मुखशल्यचिकित्सक चित्र पाहून, थोडे हाड कोरून, दाढेचे तुकडे करून ती काढतात.

न दुखणारी, निरोगी दाढ उगाच काढू नये, असे ब्रिटनच्या २००० सालच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. मात्र विद्यार्थ्याचे तोंड उघडेनासे झाले, ताप आला, गिळता येईना, तर मिठाच्या गुळण्यांवर थांबू नका. सूज गळ्यात उतरली तर श्वास कोंडतो.