ब्लायनाय ग्वेंट (मतदारसंघ)

ब्लायनाय ग्वेंट : वेल्सच्या विधिमंडळाचा, म्हणजे सेनेदचा, आग्नेय वेल्समधील एकसदस्यीय मतदारसंघ. 1999 साली वेल्सची विधानसभा (आताचे सेनेद) पहिल्यांदा निवडली गेली तेव्हा तो अस्तित्वात आला आणि 2026 च्या फेररचनेपर्यंत टिकला. लंडनच्या संसदेसाठी याच नावाचा मतदारसंघ 1983 पासून 2024 पर्यंत होता. दोन्हींचा इतिहास एकमेकांत इतका गुंतलेला आहे की एकाची हकीकत दुसऱ्याला वगळून सांगता येत नाही. मजूर पक्षाचा वेल्समधला सर्वांत पक्का बालेकिल्ला अशी याची ख्याती होती, आणि तो बालेकिल्ला ज्या तऱ्हेने ढासळला त्यामुळे ब्रिटिश निवडणुकांच्या अभ्यासात याचे नाव वारंवार येते.

मतदारसंघात उत्तर-दक्षिण धावणाऱ्या तीन अरुंद दऱ्या येतात. सर्हाउई नदीच्या दरीत ट्रेडीगर, थोरल्या एबूच्या दरीत एबू व्हेल, आणि धाकट्या एबूच्या दरीत ब्रिनमौर, नँटिग्लो, ब्लायना व ॲबरटिलरी ही गावे आहेत. दऱ्यांच्या माथ्यावरून ए-465 हा रस्ता पूर्व-पश्चिम जातो. 2021 च्या जनगणनेत या भागाची लोकसंख्या 67,000 च्या आसपास होती. कोळसा, लोखंड आणि पुढे पोलाद यांवर ही गावे उभी राहिली. एबू व्हेलचा पोलाद कारखाना जुलै 2002 मध्ये कायमचा बंद झाला. खोल खाणी त्याआधीच, 1989 पर्यंत, संपल्या होत्या. कामगार संघटना, चॅपल, वाचनालय आणि मजूर पक्षाची शाखा या चार खांबांवर इथले सार्वजनिक जीवन शंभर वर्षे उभे होते. त्यांतले पहिले तीन खांब उद्योगांबरोबर खचत गेले, तरी चौथा तसाच उभा राहील असे पक्षातले लोक धरून चालले.

पूर्वपीठिका. 1983 पूर्वी हा प्रदेश मुख्यतः एबू व्हेल आणि ॲबरटिलरी या दोन संसदीय मतदारसंघांत विभागलेला होता. एबू व्हेलचे नाव अन्यूरिन बेव्हन यांच्यामुळे जगभर गेले. ट्रेडीगरला 1897 साली जन्मलेले आणि तेराव्या वर्षी खाणीत उतरलेले बेव्हन 1929 पासून 1960 मध्ये निधन होईपर्यंत इथले खासदार होते. ट्रेडीगरच्या खाणकामगारांनी आठवड्याच्या पगारातून काही पेन्स कापून देऊन स्वतःची वैद्यकीय साहाय्य संस्था चालवली होती. आरोग्यमंत्री या नात्याने 1948 साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू करताना बेव्हन यांच्या डोळ्यांसमोर तीच संस्था होती.

बेव्हन यांचे तिकीट पक्षश्रेष्ठींनी दिलेले नव्हते, ही गोष्ट पुढच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मजूर पक्षाचेच विद्यमान खासदार इव्हन डेव्हिस यांच्या कामावर खाणकामगार नाराज होते. त्यांनी आपल्या संघटनेत मतदान घेऊन डेव्हिस यांना बाजूला सारले आणि आपल्यातल्या तरुण बेव्हन यांना पुढे केले. फॅसिझमविरोधी व्यापक आघाडीचा आग्रह धरल्याबद्दल 1939 साली पक्षाने बेव्हन यांची हकालपट्टी केली. त्यांच्याबरोबर पक्षाबाहेर गेलेले दुसरे नेते म्हणजे स्टॅफर्ड क्रिप्स, 1942 च्या क्रिप्स शिष्टाईमुळे भारतीयांच्या परिचयाचे. मतदारसंघाने बेव्हन यांची साथ सोडली नाही, आणि वर्ष संपण्याआधी ते पक्षात परतले. 1955 मध्ये त्यांच्यावर पुन्हा कारवाई झाली आणि काही काळ ते संसदीय गटाबाहेर राहिले. तेव्हाही एबू व्हेलमध्ये त्यांचे आसन हलले नाही.

ट्रेडीगर आणि एबू व्हेल यांच्या मधल्या माळावर, जिथे बेव्हन उघड्यावर सभा घेत, तिथे आज चुनखडकाचे चार उभे दगड आहेत. मधला मोठा दगड बेव्हन यांचा. भोवतीचे तीन ट्रेडीगर, एबू व्हेल आणि रमनी या त्यांच्या मतदारसंघातल्या तीन गावांचे. राजधानीतल्या पुतळ्यांपेक्षा हे स्मारक त्यांच्या राजकारणाविषयी अधिक नेमके सांगते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते: तिथे नेता आहे आणि त्याला निवडून देणारी गावेही नावानिशी आहेत.

बेव्हन यांच्यानंतर नोव्हेंबर 1960 च्या पोटनिवडणुकीत मायकेल फूट निवडून आले. ते खाणीतले नव्हते, वेल्सचेही नव्हते. पण ते बेव्हन यांचे सहकारी होते, पुढे त्यांचे चरित्रकारही झाले, आणि तेवढी ओळख पुरेशी ठरली. संरक्षण खर्चाविरुद्ध मत दिल्याबद्दल 1961 साली फूट यांनाही संसदीय गटातून दोन वर्षे बाहेर राहावे लागले. 1980 ते 1983 या काळात तेच पक्षाचे नेते होते. 1983 मध्ये देशभर मजूर पक्षाचे पानिपत झाले, पण नव्याने आखलेल्या ब्लायनाय ग्वेंटमध्ये फूट मोठ्या मताधिक्याने आले. 1992 साली त्यांच्या जागी आलेल्या लू स्मिथ यांना 79 टक्क्यांच्या घरात मते मिळाली.

विधानसभेची पहिली वर्षे. सप्टेंबर 1997 च्या सार्वमतात वेल्सने स्वतंत्र विधानसभेला जेमतेम 50.3 टक्के मतांनी कौल दिला. खासदार लू स्मिथ या कल्पनेच्या कट्टर विरोधात होते. तरी त्यांच्याच मतदारांपैकी सुमारे 56 टक्क्यांनी होकार दिला. विधानसभेत 60 जागा होत्या. 40 जागांवर थेट लढत आणि 20 जागा प्रादेशिक याद्यांमधून, अशी रचना असल्याने प्रत्येक मतदाराला दोन मते होती. ब्लायनाय ग्वेंट आग्नेय वेल्स प्रदेशात मोडत असे.

1999 आणि 2003 या दोन्ही निवडणुका मजूर पक्षाच्या पीटर लॉ यांनी सहज जिंकल्या. दुसऱ्या वेळी त्यांचे मताधिक्य अकरा हजारांवर होते. पहिल्या मंत्रिमंडळात स्थानिक शासन आणि गृहनिर्माण ही खाती त्यांच्याकडे होती. 2000 साली लिबरल डेमोक्रॅट पक्षाशी आघाडी झाली. आघाडीला विरोध असलेले लॉ मंत्रिमंडळाबाहेर गेले. दऱ्यांमधले जुने कार्यकर्ते त्यांना आपला माणूस मानत.

2005 ची बंडखोरी. लू स्मिथ निवृत्त होणार हे ठरल्यावर संसदेची जागा केवळ महिला उमेदवारांच्या यादीतून भरायची, असा निर्णय पक्षाने घेतला. हे धोरण चुकीचे होते असे म्हणता येणार नाही. अशाच उपायांच्या बळावर 2003 मध्ये वेल्सच्या विधानसभेत 30 स्त्रिया आणि 30 पुरुष निवडून आले होते, आणि जगातल्या कोणत्याही विधिमंडळात तोवर अशी बरोबरी साधली गेली नव्हती. चूक झाली ती अंमलबजावणीत. स्थानिक शाखांचा विरोध असताना निर्णय वरून लादला गेला. कामगार संघटनेतील पदाधिकारी मॅगी जोन्स यांना उमेदवारी मिळाली. पक्षश्रेष्ठींच्या जवळच्या म्हणून त्या ओळखल्या जात, आणि गावागावांत त्यांच्याकडे बाहेरून पाठवलेले पार्सल म्हणूनच पाहिले गेले.

पीटर लॉ अपक्ष म्हणून उभे राहिले आणि पक्षाबाहेर फेकले गेले. त्याच सुमारास त्यांच्या मेंदूत गाठ असल्याचे निदान झाले. मतदानाला थोडेच आठवडे उरले असताना त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. 5 मे 2005 रोजी त्यांना 20,505 मते मिळाली, जोन्स यांना 11,384. चार वर्षांपूर्वी जिथे मजूर पक्ष 19,000 हून अधिक मतांनी पुढे होता, तिथे तो 9,121 मतांनी हरला.

हा मतदारांच्या विचारांतला बदल नव्हता. लॉ यांनी मजूर पक्षाच्या तत्त्वांविरुद्ध प्रचार केला नाही. ती तत्त्वे आपल्याकडे आहेत, लंडनने ती सोडली आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. बेव्हन आणि फूट यांच्यावरील कारवायांच्या वेळी मतदारसंघ ज्या बाजूला उभा राहिला, त्याच बाजूला तो याही वेळी राहिला. फरक एवढाच की या वेळी मतपत्रिकेवर पक्षाचा उमेदवार समोर होता. शेजारच्या मर्थर टिडफिलमध्ये 1970 साली असेच घडले होते. वयाच्या कारणावरून तिकीट नाकारलेले एस. ओ. डेव्हिस अपक्ष म्हणून लढले आणि मजूर पक्षाला हरवून निवडून आले. पस्तीस वर्षांपूर्वीचा तो धडा पक्षाने ध्यानात घेतला नाही.

लॉ यांनी विधानसभेची जागाही सोडली नव्हती. त्यामुळे कार्डिफमधल्या विधानसभेत मजूर पक्षाचे संख्याबळ 60 पैकी 30 वरून 29 वर आले आणि रोड्री मॉर्गन यांच्या सरकारचे बहुमत गेले. पुढचे वर्षभर महत्त्वाच्या मतदानांत सरकारला विरोधकांशी तडजोडी कराव्या लागल्या. एका मतदारसंघातील तिकिटाचा वाद एका देशाच्या अंदाजपत्रकापर्यंत पोचला होता.

दुहेरी पोटनिवडणूक. 25 एप्रिल 2006 रोजी लॉ यांचे निधन झाले. संसद आणि विधानसभा या दोन्ही जागा रिकाम्या झाल्या आणि 29 जून रोजी दोन्हींसाठी एकाच दिवशी मतदान झाले. संसदेसाठी लॉ यांचे निवडणूक प्रतिनिधी डाय डेव्हिस उभे राहिले, विधानसभेसाठी लॉ यांच्या पत्नी ट्रिश लॉ. दोघेही अपक्ष, दोघेही विजयी. डेव्हिस यांनी सुमारे अडीच हजार मतांनी मजूर पक्षाच्या ओवेन स्मिथ यांना हरवले. हेच स्मिथ पुढे पाँटिप्रिडचे खासदार झाले आणि 2016 मध्ये जेरेमी कॉर्बिन यांच्याविरुद्ध पक्षनेतेपदासाठी लढले. ट्रिश लॉ यांचे मताधिक्य याहून मोठे, साडेचार हजारांच्या आसपास होते.

सहानुभूतीची लाट असे म्हणून या निकालाची बोळवण करणे सोपे आहे. पण ट्रिश लॉ 2007 च्या नियमित निवडणुकीतही पाच हजारांहून अधिक मतांनी निवडून आल्या. लाट वर्षभर टिकत नाही. दऱ्यांमधल्या मतदारांना पक्षाबाहेर राहूनही प्रतिनिधित्व मिळू शकते याचा अनुभव आला होता.

पुनरागमन आणि त्यानंतर. 2010 मध्ये संसदेची जागा मजूर पक्षाच्या निक स्मिथ यांनी दहा हजारांवर मताधिक्याने परत मिळवली. 2011 मध्ये ट्रिश लॉ उभ्या राहिल्या नाहीत आणि विधानसभेची जागा अलन डेव्हिस यांच्याकडे गेली. ते मूळचे प्लाइड कमरी या वेल्श राष्ट्रवादी पक्षातले. दुसऱ्या क्रमांकावर पुन्हा अपक्षच होता.

बालेकिल्ला परत मिळाला, असे तेव्हा सगळीकडे म्हटले गेले. 2016 च्या मे महिन्यात त्यातली पोकळी दिसली. अलन डेव्हिस यांना 8,442 मते पडली, प्लाइड कमरीच्या नायजेल कॉपनर यांना 7,792. अंतर केवळ 650 मतांचे. इथे वेल्श बोलणारे फार थोडे, आणि तोवर प्लाइड कमरी इथे कधीच मोठी ताकद नव्हती. त्यामुळे या आकड्याला भाषिक अस्मितेचा विजय म्हणता येत नाही. मजूर पक्षावरची नाराजी 2005 मध्ये अपक्षाकडे गेली होती, या वेळी तिने दुसरी वाट धरली. सात आठवड्यांनी युरोपीय संघाच्या सार्वमतात ब्लायनाय ग्वेंटमध्ये 62 टक्के लोकांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले. वेल्समध्ये हे प्रमाण सर्वाधिक होते, आणि तेही ज्या भागात रस्ते, प्रशिक्षण केंद्रे आणि उद्योगांसाठी युरोपीय निधी मोठ्या प्रमाणावर आला होता तिथे. 2017 मध्ये स्थानिक परिषद अपक्षांच्या हाती गेली. 2022 मध्ये ती मजूर पक्षाकडे परतली. मधल्या 2021 च्या निवडणुकीत अलन डेव्हिस यांनी सेनेदची जागा फार त्रास न होता राखली. सोळा वर्षे पूर्ण झालेल्यांना मतदानाचा हक्क मिळालेली सेनेदची ती पहिली निवडणूक.

फेररचना. 2024 च्या कायद्याने सेनेदच्या जागा 60 वरून 96 झाल्या. एकसदस्यीय मतदारसंघ मे 2026 पासून रद्द ठरले आणि प्रत्येकी सहा सदस्यांचे सोळा मतदारसंघ आखले गेले. ब्लायनाय ग्वेंट, केअरफिली आणि रमनीचा परिसर मिळून ‘ब्लायनाय ग्वेंट कायरफिली रमनी’ हा नवा मतदारसंघ झाला. मतदाराला एकच मत असते आणि ते पक्षाच्या बंद यादीला द्यायचे असते. यादीतला क्रम पक्ष ठरवतो. अपक्षाला उभे राहता येते, पण एक जागा मिळवायची तर सहापट नसला तरी कितीतरी विस्तृत असलेल्या प्रदेशातून साधारण बारा टक्के मते गोळा करावी लागतात. ज्या मतदारांनी पक्षाचा उमेदवार नाकारून आपला माणूस निवडण्याचा हक्क दोनदा नव्हे, तीनदा बजावला, त्यांच्यासाठी हा बदल इतरांपेक्षा मोठा आहे. नव्या रचनेत सामील झालेल्या केअरफिलीमध्ये 23 ऑक्टोबर 2025 रोजी जुन्या पद्धतीची पोटनिवडणूक झाली. प्लाइड कमरीचे लिंडसे व्हिटल 47 टक्के मतांनी जिंकले, रिफॉर्म पक्ष दुसरा आला, आणि शतकभर ती भूमी राखणाऱ्या मजूर पक्षाला 11 टक्के मते मिळाली.