हवेच्या पिस्तुलाची गोष्ट : हवा भरायची कशी?

#थ्रेड #इतिहास

१/ ऑगस्ट १८०३ ची अखेर. मेरिवेदर लुईस अमेरिकेतील पिट्सबर्गहून नावेने पश्चिमेच्या मोहिमेवर निघाला. थोड्याच अंतरावरील एका बेटावर थांबून त्याने जमलेल्यांना एक नवल दाखवले : दारू नाही, धूर नाही, तरीही गोळी झाडणारी बंदूक. त्याने स्वतः ५५ यार्डांवर सात बार काढले आणि मग ती एका गृहस्थाच्या हाती दिली.

२/ त्या गृहस्थाला बंदुकीची माहिती नव्हती. ती चुकून सुटली आणि सुमारे ४० यार्डांवर उभ्या असलेल्या एका स्त्रीची टोपी भेदून गोळी तिच्या कानशिलाला चाटून गेली. ती कोसळली, रक्त वाहू लागले. ती दगावली असेच क्षणभर सर्वांना वाटले. सुदैवाने जखम वरवरची होती. लुईसच्या रोजनिशीची सुरुवातच या प्रसंगाने होते.

३/ ही बंदूक जिरार्डोनी पद्धतीची असावी, असा आज बहुतेक अभ्यासकांचा कल आहे. बार्टोलोमिओ जिरार्डोनी या कारागिराची ही रचना ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८० च्या सुमारास स्वीकारली होती. बंदुकीचा दस्ता हीच हवेची टाकी. बाजूच्या नळीत सुमारे २० गोळ्या. ज्या काळी साधा शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढी, त्या काळी हे शस्त्र विलक्षणच होते.

४/ मग ते टिकले का नाही? उत्तर टाकीत आहे. एक टाकी हातपंपाने भरायला सुमारे १५०० वेळा दट्ट्या मारावा लागे आणि त्यातून जेमतेम ३० जोरदार बार मिळत. चामड्याच्या वाद्या ओल्या ठेवाव्या लागत. पत्र्याची टाकी गळे, पोचे पडले की निकामी होई. १८१५ पर्यंत हे शस्त्र सैन्यातून बाहेर पडले. नेम उत्तम होता. हवा पुरवणे जमले नाही.

५/ हवेच्या शस्त्रांचा पुढचा सारा इतिहास म्हणजे या एकाच अडचणीवर शोधलेली उत्तरे होत. पहिले उत्तर : हवा साठवूच नये. जत्रेतली फुगे फोडण्याची बंदूक याच जातीची. नळी मोडून स्प्रिंग दाबायची. चाप ओढताच स्प्रिंग दट्ट्याला पुढे ढकलते आणि त्या क्षणी दाबली गेलेली हवा छर्रा फेकते.

६/ दुसऱ्या महायुद्धानंतर पराभूत जर्मनीत शस्त्रनिर्मितीवर कडक निर्बंध आले. तेथील कारखान्यांनी पुन्हा उभे राहताना हवेच्या शस्त्रांचा आधार घेतला. १९५० च्या दशकातील वाल्टर एलपी ५३ हे स्प्रिंगचे पिस्तूल त्यातलेच. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या बाँडपटाच्या जाहिरातीत शॉन कॉनरीच्या हाती दिसते ते हेच, छऱ्याचे पिस्तूल!

७/ स्प्रिंगचा दोष म्हणजे धक्का. छर्रा नळीतून बाहेर पडण्याआधीच पिस्तूल हलते. १९६० च्या दशकात फाइनवेर्कबाउ ६५ ने यावर तोड काढली : बार होताच यंत्रणाच रुळांवरून मागे सरकते आणि हाताला धक्का जाणवत नाही. त्याच सुमारास दुसरी वाटही रुळली : तरफेच्या एका दाबाने एकाच बारापुरती हवा भरायची. दोन्हींत बाहेरची टाकी नको. मात्र प्रत्येक छऱ्यामागे दंडाला श्रम.

८/ १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर पिस्तूल हा प्रकार प्रथमच आला. पुरुषांत बल्गेरियाचा तान्यू किर्याकोव्ह आणि महिलांत युगोस्लाव्हियाची यास्ना शेकारिच विजयी ठरले. लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ केवळ ११.५ मिलिमीटरचे. तेथे साठ बारांनंतर थकलेला दंड परवडणारा नव्हता. साठवलेली शक्ती पुन्हा हवीशी झाली.

९/ ती प्रथम आली कार्बन डायऑक्साइडच्या रूपात. हा वायू दाबाखाली द्रव होतो, म्हणून लहान नळकांड्यात पुष्कळ मावतो. पण त्याचा दाब तापमानावर नाचतो : ० अंशाला सुमारे ३५ बार, २० अंशाला सुमारे ५७. थंडीत छर्रा मंदावतो. ३१ अंशांपुढे तर तो द्रव राहतच नाही. विदर्भाच्या उन्हाळ्यात काठोकाठ भरलेले नळकांडे म्हणजे धोकाच. म्हणून ते नेहमी वजन करून भरतात.

१०/ १९९० च्या दशकात दाबलेल्या हवेने त्याची जागा घेतली. नळकांड्यात सुमारे २०० बारपर्यंत हवा. नियंत्रक झडप प्रत्येक बाराला तेवढीच मोजून सोडते. २०२४ मध्ये पॅरिसला मनू भाकरने कांस्यपदक मिळवले ते याच प्रकारात. जिरार्डोनीची कल्पना सव्वादोनशे वर्षांनी अशी मार्गी लागली, कारण आता पोलाद, रबरी वायसर आणि पंप तिच्या तोलाचे होते.

११/ घरी सराव करू पाहणाऱ्याची निवड याच इतिहासातून होते. भरण्याची सोय जवळ नसेल तर स्प्रिंग किंवा एकदाबी पिस्तूल बरे. सोय असेल तर दाबलेली हवा : पाणबुड्यांच्या टाकीतून जोडणी लावून किंवा तीन टप्प्यांच्या हातपंपाने. हवा कोरडी हवी, सावकाश भरावी, दाबमापकावर लक्ष हवे. ऑक्सिजन कधीही भरू नये. तेलाचा अंश लागताच स्फोट होऊ शकतो. नळकांड्यावरील मुदत, बहुधा दहा वर्षांची, संपली की ते बाद.

१२/ आणि छरे अडवणारी भक्कम पेटी, तिच्यामागे भिंत, मध्ये एकही दार नाही, डोळ्यांवर चष्मा. दारूच्या वासाने आणि आवाजाने बंदूक आपली ओळख आधीच देते. हवा दिसत नाही आणि वासही देत नाही. त्या बेटावरच्या स्त्रीला कदाचित ते खेळणेच वाटले असेल. टाकी भरण्याची युक्ती माणसाने दोन शतकांत साधली. भरलेले पिस्तूल कोणाच्या हाती द्यायचे, हा निर्णय मात्र आजही तेवढाच जुना आहे.

(समाप्त)