सहा आठवड्यांची मुदत : कोल्हापूरचा दवाखाना, स्पर्श आणि परिचारिका

कोल्हापूरच्या दसरा चौकात राजर्षी शाहू महाराजांचा पुतळा उभा आहे. तेथून हाकेच्या अंतरावर, भाऊसिंगजी रस्त्यावर, 'सीपीआर' म्हणजेच छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. जिल्ह्यातल्याच नव्हे, तर कोकणातल्या आणि सीमाभागातल्या रुग्णांचाही हा आधार. संस्थानकाळी याचे नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल असे होते. 1875-76 मध्ये भारतभेटीस आलेल्या ब्रिटिश युवराजाचे हे नाव.

या दवाखान्यासंबंधी शाहू महाराजांनी 1919 च्या जानेवारीत एक हुकूम काढला. आजच्या परिचारिकांच्या प्रश्नाकडे पाहताना तो आठवावाच लागतो.

हुकुमाचा आशय असा : धर्मादाय दवाखान्यात येणाऱ्या अस्पृश्य रुग्णांना इतरांप्रमाणेच आपुलकीने वागवावे. वैद्यकीय खात्यातील ज्या नोकरांना हे मान्य नसेल त्यांनी हुकूम मिळाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा. अशांना पेन्शन मिळणार नाही. कसे वागवावे याचा नमुना म्हणून हुकुमात मिरजेच्या अमेरिकन मिशनच्या दवाखान्याचा दाखला होता.

शेवटचा तपशील सहज वाचून पुढे जाण्याजोगा नाही. एका हिंदू राजाला आपल्या दवाखान्यासाठी आदर्श शोधताना शेजारच्या संस्थानातील मिशनऱ्यांकडे बोट दाखवावे लागले. त्याचे कारण स्पर्शात आहे.

औषध दुरून देता येते आणि नाडी क्षणभरात पाहता येते. (ती रेशमी वस्त्राआडून पाहण्याच्याही कथा आहेत.) परंतु जखम धुणे, अंग पुसणे, मलमूत्राचे भांडे उचलणे, बाळंतिणीचे रक्त आवरणे यांपैकी एकही काम दुरून होत नाही. सोवळ्याओवळ्यावर उभ्या असलेल्या समाजात ही कामे हलकी ठरली. अनेक गावांत सुईणपणही ठराविक जातींच्या स्त्रियांकडेच असे. अडल्या वेळी तिचा हात चाले; वेळ सरली की तोच हात पुन्हा उंबऱ्याबाहेर जाई.

कोल्हापूर ते मिरज लोहमार्ग 1891 मध्ये सुरू झाला. त्याच सुमारास डॉ. विल्यम वानलेस या मूळच्या कॅनेडियन मिशनरी डॉक्टरांनी मिरजेत दवाखाना थाटला आणि 1894 मध्ये रुग्णालय उभे राहिले. वानलेस यांचा शस्त्रक्रियेतील लौकिक लवकरच दूरवर पसरला. पण शस्त्रक्रियेनंतरचे दिवस रुग्णाला काढावे लागतात ते परिचारिकेच्या भरवशावर. वानलेस यांच्या पत्नी मेरी स्वतः प्रशिक्षित परिचारिका होत्या, आणि मिरजेत परिचर्येचे शिक्षणही लवकरच सुरू झाले. कोल्हापुरातील मेरी वानलेस रुग्णालय हे त्यांचे स्मारक.

या शिक्षणाला मुली कोठून आल्या, याच्या उत्तरात या व्यवसायाचा पुढचा सारा इतिहास बीजरूपाने आहे. सवर्ण घरांतून त्या येणे जवळजवळ अशक्य होते. परपुरुषाच्या अंगाला हात लावणारी, रात्रपाळी करणारी मुलगी कोणत्या घराला चालणार होती? आल्या त्या बहुतांशी ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांतल्या मुली. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने 1911 च्या सुमारास ससून रुग्णालयात परिचर्येचे शिक्षण देण्यास आरंभ केला, तेव्हा पुढे आल्या त्या प्रामुख्याने विधवा. त्यांनाही समाजाच्या निंदेतून वाट काढावी लागली. थोडक्यात, ज्या स्त्रियांसाठी समाजाने दुसरी जागा ठेवली नव्हती, त्यांच्या हाती हे काम आले. जिला दुसरीकडे जाता येत नाही तिला वेतन किती द्यायचे, हे मग देणारा ठरवतो.

याच काळात कोल्हापुरात एक वेगळे चित्रही दिसते. रखमाबाई केळवकर संस्थानच्या स्त्रीशिक्षण विभागात अधिकारपदावर होत्या. त्यांची कन्या कृष्णाबाई मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात रुजू झाल्या. शाहू महाराजांनी त्यांना पुढील शिक्षणासाठी परदेशीही पाठवले. कोल्हापूर आजही त्यांचे नाव अभिमानाने घेते, आणि ते रास्तच आहे. मात्र डॉक्टरीणबाईंना प्रतिष्ठा मिळाली म्हणून वॉर्डातल्या नर्सबाईला मिळाली असे घडले नाही. डॉक्टरकी ही विद्या ठरली, परिचर्या ही सेवा. आणि सेवेचा मोबदला मागणे आपल्याकडे अशोभनीय मानतात. 'सिस्टर' हा शब्दही ख्रिस्ती धर्मभगिनींच्या सेवापरंपरेतून आला. बहिणीला कोणी पगार विचारत नाही!

1919 च्या हुकुमाने रुग्णाच्या बाजूचा अन्याय थेट हाताळला. स्पर्श नाकारण्याचा नोकराचा हक्क त्याने काढून घेतला, आणि हे धैर्य त्या काळी दुर्मीळ होते. पण स्पर्श करणाऱ्या हाताची किंमत काय, हा प्रश्न त्या हुकुमाच्या कक्षेबाहेरचा होता. तो तसाच शिल्लक राहिला.

किती शिल्लक राहिला हे भोर समितीच्या 1946 च्या अहवालावरून दिसते. त्या वेळच्या ब्रिटिश हिंदुस्थानात 6,300 लोकसंख्येमागे 1 डॉक्टर होता, आणि 43,000 लोकसंख्येमागे 1 परिचारिका. जगात सर्वसाधारणपणे डॉक्टरांपेक्षा परिचारिका अधिक असतात. येथे त्या डॉक्टरांच्या जेमतेम एक सप्तमांश होत्या. केवळ दारिद्र्याने हे साधत नाही. गरीब देशात दोन्ही कमी असतील, पण प्रमाण उलटे होण्यासाठी एखाद्या कामाविषयी पिढ्यान्पिढ्यांची घृणा लागते. 1947 मध्ये भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला, महाराष्ट्राचा स्वतंत्र कायदा 1966 मध्ये आला. नोंदणी, परीक्षा, अभ्यासक्रम यांना शिस्त लागली. वॉर्डातली संख्या मात्र कागदाच्या मागेच राहिली.

परिषदेचा निकष सांगतो की अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात 3 रुग्णांमागे 1 परिचारिका असावी, इतर रुग्णालयांत 5 मागे 1, आणि रजेसाठी आणखी 30 टक्के राखीव. ही 30 टक्क्यांची तरतूद वरवर किरकोळ भासते, पण खरी मेख तेथेच आहे. ती नसेल तर एका परिचारिकेच्या बाळंतपणाच्या रजेचा भार दुसरीच्या पाळीवर पडतो. दुसरी आजारी पडते, आणि तिसरी दोन कक्ष सांभाळते. सीपीआर आज राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न आहे, म्हणजे 3 मागे 1 हा निकष याच वास्तूला लागू होतो. सरकारी रुग्णालयाचा सर्वसाधारण कक्ष ज्याने रात्री एकदा पाहिला आहे, त्याला निकष आणि वास्तव यांतील अंतर वेगळे मोजावे लागत नाही.

खासगी क्षेत्राची कथा निराळी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशानंतर 2016 मध्ये नेमलेल्या समितीने शिफारस केली की 200 पेक्षा अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांनी सरकारी परिचारिकांइतके वेतन द्यावे, आणि 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयांतही ते 20,000 रुपयांखाली नसावे. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली. एखाद्या लहान शहरातल्या नर्सिंग होममध्ये हा आकडा उच्चारून पाहावा. समोरच्याचा चेहरा बरेच काही सांगेल.

मे 2022 च्या अखेरीस महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका बेमुदत संपावर गेल्या. बाह्यस्रोतांमार्फत, म्हणजे ठेकेदाराकडून होणाऱ्या भरतीला त्यांचा विरोध होता. मार्च 2023 मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा मोठा संप झाला, त्यातही त्या होत्या. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नेमणूक झालेल्यांना जुनी पेन्शन मिळावी, ही त्या संपाची मागणी होती.

येथे 1919 चा तो हुकूम पुन्हा उघडून पाहावा. शाहू महाराजांच्या हाती नोकरांना वळण लावण्याचे जे हत्यार होते ते पेन्शनचे होते. ते चालले, कारण नोकरी कायमची होती आणि तिच्या शेवटी गमावण्याजोगे काही होते. ठेकेदाराने अकरा महिन्यांसाठी आणलेल्या मुलीला असा हुकूम कोणी दिला तर ती काय गमावणार?

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. मागणीच्या यादीत परिचारिकाही आहेत.